मुंबईचा तांबडा समुद्र आणि त्याचा कालनिर्णय

इ. स. १८५८ सालीं लंडन येथील 'ॲनल्स अँड मॅगेझिन ऑफ नॅचरल हिस्टरी' ह्या नियतकालिकांत हेन्री जॉन कार्टर ह्या मुंबईच्या वैद्याचें एक लहानसें टिपण प्रसिद्ध झालें. मुंबई बेटाच्या सभोंवारचा समुद्र प्रसंगीं तांबडा दिसतो, त्या रंगाचें द्रव्य कोणतें, हा टिपणाचा विषय. कार्टरनें तें पाणी सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरिलें, व हा रंग एका अतिसूक्ष्म सजीवाचा आहे असा निर्णय दिला. त्या जीवास त्यानें 'पेरिडिनियम सँग्विनियम', म्हणजे रक्तवर्ण पेरिडिनियम, असें नांव ठेविलें. नांवें पुढें शास्त्रज्ञांनीं फिरविलीं. परंतु निर्णय खरा ठरला.

कागदपत्रांच्या संशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत समुद्रांतील जंतूंची चर्चा कशासाठीं, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, ह्या विषयांतील मुख्य वाद आज कालनिर्णयाचा होऊन बसला आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर पाणी तांबडें अगर हिरवें झालें, रात्रीं लाटा निळसर चमकूं लागल्या, किंवा मेलेल्या माशांचा खच वाळूवर आला, म्हणजे शहराच्या मैल्यानें समुद्र बिघडला असा निकाल वृत्तपत्रें तत्काळ देतात. तो निकाल कांहीं अंशीं खरा आहे, कांहीं अंशीं खोटा आहे. कोणता अंश खरा हें ठरविण्यास, हीं चिन्हें प्रथम केव्हां, कोठें व वर्षाच्या कोणत्या भागांत दिसलीं हें पाहिलें पाहिजे. हें काम सूक्ष्मदर्शक यंत्राचें नव्हे. तें जुन्या लेखांचें आहे.

प्रथम कार्टरविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण त्याच्या नांवाचा घोटाळा चांगल्या चांगल्या ग्रंथांत आढळतो. मुंबईंत त्या काळीं कार्टर दोन होते. एक आपला हेन्री जॉन (१८१३–१८९५). हा मुंबई सरकारच्या चाकरींतील शस्त्रवैद्य. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या 'पॅलिन्यूरस' जहाजावर ह्यानें काम केलें, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचें चिटणीसपद सांभाळिलें, १८५७ सालीं पश्चिम हिंदुस्थानच्या भूस्तरांवरील निबंधांचा संग्रह संपादिला, आणि १८६२ सालीं विलायतेस परतून उर्वरित आयुष्य समुद्रांतील स्पंजांच्या अभ्यासांत घालविलें. दुसरा हेन्री व्हॅनडाइक कार्टर (१८३१–१८९७). ग्रे ह्याच्या सुप्रसिद्ध शारीरग्रंथांतील आकृति ह्याच्या हातच्या. हा १८५८ सालींच मुंबईस आला व ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकवूं लागला. दोघेही वैद्य, दोघांचेंही सूक्ष्मदर्शकाशीं सख्य, आणि पायास होणाऱ्या बुरशीच्या एकाच रोगावर दोघांनींही लिहिलें! तांबड्या समुद्राचें टिपण मात्र निःसंशय पहिल्याचें होय.

आतां त्या टिपणाचा काल पहा. १८४९ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ५,६६,११९ भरली होती. १८६४ सालीं ती ८,१६,५६२ झाली. म्हणजे कार्टरची मुंबई लहान गांव नव्हती. परंतु विहार तलावाचें नळाचें पाणी शहरांत आलें तें १८६० सालीं. नळ नाहीं तेथें मैला पाण्याबरोबर वाहून नेण्याची पद्धति असूंच शकत नाहीं. शौचकूपांतील मैला हलालखोर डोक्यावरून व गाड्यांतून नेत, आणि त्यासाठीं घरवाल्यांवर हलालखोरपट्टी बसे. रस्त्यांचें व घरांचें सांडपाणी उघड्या मोठ्या गटारानें वरळीच्या बाजूस नेऊन ओहोटीच्या वेळीं समुद्रांत सोडीत, हें खरें; तेव्हां १८५८ चा समुद्र निर्मळ होता असें म्हणतां येणार नाहीं. तथापि आजच्या मानानें तो भार नगण्य होता. २०११ च्या शिरगणतींत बृहन्मुंबईची वस्ती १,२४,४२,३७३ आहे. ह्या दोन आंकड्यांमध्यें जें अंतर, तेंच त्या दोन समुद्रांवरील ओझ्यांतहि आहे असें स्थूलमानानें समजण्यास हरकत नाहीं. आणि तरीहि पाणी तांबडें झालें होतें. ह्यावरून एवढें निष्पन्न होतें कीं, तांबडेपणाचें मूळ कारण मैला नव्हे.

मग मूळ कारण कोणतें? तें ऋतु होय. आणि हा भाग थोडा विस्तारानें सांगितला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे.

समुद्राच्या एका ओंजळभर पाण्यांत लक्षावधि सूक्ष्म जीव असतात. त्यांचे आपल्या कामापुरते दोन वर्ग करूं. एक वर्ग वनस्पतीसारखा सूर्यप्रकाशावर जगतो. त्यास प्रकाशाबरोबर नत्र व स्फुर हें खत लागतें. दुसरा वर्ग जंतूंचा. तो मेलेले जीव कुजवितो व तसें करितांना पाण्यांत विरघळलेला प्राणवायु खर्च करितो. आगोट लागली म्हणजे नैर्ऋत्येकडील वारे व त्यांच्या जोडीनें किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहणारा प्रवाह ह्यांच्या योगानें वरचें पाणी बाजूस सरतें आणि खोल समुद्राचें थंड पाणी उथळ तळावरून किनाऱ्याकडे चढतें. ह्या पाण्यांत खत पुष्कळ, प्राणवायु मात्र थोडा. त्याच वेळीं सावित्री, वाशिष्ठी, मांडवी, जुवारी ह्या नद्या सह्याद्रीचें गोडें पाणी आणून ओततात. गोडें पाणी हलकें असल्यामुळें तें खाऱ्या पाण्यावर झांकणासारखें पसरतें. वरती प्रकाश, खालीं खत, अशी जोडी जमल्यावर पहिल्या वर्गाचे जीव बेसुमार वाढतात. मेल्यावर तळाशीं जातात. तेथें जंतु त्यांचा फडशा पाडतात, आणि झांकणामुळें वरची हवा खालीं पोंचत नाहीं. भाद्रपद–आश्विनाच्या सुमारास तळाच्या पाण्यांतील प्राणवायु जवळजवळ संपतो. तेव्हां जंतु नायट्रेटांतील प्राणवायूवर दिवस काढतात. तेंहि संपलें कीं समुद्राच्या मिठांतील गंधकाच्या क्षारास हात घालतात, आणि मग कुजक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायु उत्पन्न होतो. कार्तिक–मार्गशीर्षांत प्रवाह उलटा फिरतो, हवेशीर पाणी परत येतें, आणि तळ पुन्हां जिता होतो.

हा झाला पावसाळा व त्याचा शेवट. माघापासून वैशाखापर्यंतचा समुद्र ह्याहून अगदीं निराळा. तेव्हां पाणी शांत, उष्ण व स्वच्छ असतें, पण त्यांत नत्र नसतें. अशा पाण्यांत 'ट्रायकोडेस्मियम' नांवाचा एक जीव माजतो, कारण त्यास हवेंतील नत्र स्वतः धरतां येतें. त्याचे पुंजके लांकडाच्या भुश्श्यासारखे तरंगतात. जुन्या दर्यावर्दी इंग्रजांनीं त्यास 'समुद्राचा भुस्सा' असेंच म्हटलें आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो फेब्रुवारी ते मे ह्या महिन्यांत दिसतो, व गोव्याच्या समुद्रांतील त्याच्या माजण्याचा अभ्यास तेथील शास्त्रज्ञांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केला आहे. ह्याच जीवास एहरेनबर्ग ह्या जर्मन पंडितानें १८२३ च्या डिसेंबरांत तांबड्या समुद्राच्या कांठीं तोर येथें पाहिलें, आणि त्या समुद्राचें नांव ह्याच्यामुळें पडलें असावें अशी कल्पना मांडली.

तेव्हां 'पाणी तांबडें झालें' एवढ्या उल्लेखानें कांहींच सिद्ध होत नाहीं. वैशाखांतील तांबडेपणा निराळ्या जीवाचा, आश्विनांतील निराळ्या जीवाचा. एक नत्राच्या अभावाची खूण, तर दुसरी त्याच्या विपुलतेची. महिना कळला पाहिजे.

तांबड्या समुद्राचा विषय निघालाच आहे, तर गोव्याहून निघालेल्या एका साक्षीदाराची जबानी येथें नोंदवून ठेवितों. दों जुआंव द कास्त्रु हा, पुढें गोव्याचा व्हाइसरॉय होऊन १५४८ सालीं तेथेंच वारला, तो १५४० च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज आरमाराबरोबर सुवेझच्या स्वारीवर गेला. त्याचें प्रवासवृत्त 'रोतैरु' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. ह्या समुद्रास तांबडा कां म्हणतात, हें त्यास हवें होतें. ऐकीव गोष्टींवर न राहतां त्यानें पाणी भांड्यांत काढून पाहिलें, तों तें इतर समुद्रांसारखेंच स्वच्छ! मग पाणबुडे बुडवून तळाचे दगड वर आणविले आणि तांबडे दिसणारे पट्टे तळच्या पोंवळ्यांचे आहेत असा निष्कर्ष काढिला. एहरेनबर्ग व कास्त्रु ह्यांपैकीं खरा कोण, असा प्रश्न करणें व्यर्थ आहे. दोघेही आपापल्या दिवसापुरते खरे. कास्त्रूनें पाहिलें तेव्हां पाण्यांत भुस्सा नव्हता, एवढाच त्याच्या जबानीचा अर्थ. परंतु 'पाहिलें आणि दिसलें नाहीं' अशी नोंद 'पाहिलें आणि दिसलें' ह्या नोंदीइतकीच मोलाची असते, ही गोष्ट आपल्याकडील संग्राहक बहुधा विसरतात. ह्याच कास्त्रूनें १५३८–३९ सालीं गोव्यापासून दीवपर्यंतच्या किनाऱ्याचेंहि असेंच वर्णन लिहून ठेविलें आहे; कोंकणच्या बंदरांच्या अभ्यासकांस तें सुपरिचित आहे.

रंगाची गोष्ट डोळ्यांस दिसते. ज्या जंतूंचा रंग नाहीं, त्यांचा माग कसा काढावा? तेथें रोगाच्या इतिहासाकडे वळावें लागतें.

गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचा औषधिद्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ गोव्यांत १५६३ सालीं छापला गेला. मुंबई बेट कांहीं काळ ह्याच ओर्त्याकडे पट्ट्यानें होतें, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासकारांस ठाऊक आहेच. मृत्यूनंतर धर्मसभेनें त्याचीं हाडें उकरून १५८० सालीं जाळिलीं, हीहि गोष्ट त्याच गोव्यांतली. ग्रंथांतील एका संवादांत ओर्त्यानें ओकारी, रेच, गात्रें आखडणें व बहुधा चोवीस तासांच्या आंत मृत्यु, अशा लक्षणांचा रोग वर्णिला आहे. येथील लोक त्यास 'मोर्शी' म्हणतात व अतिभोजनानें तो होतो असें मानितात, असें तो सांगतो. ही मोर्शी म्हणजे आपली मोडशी. मोल्सवर्थच्या कोशांत ती अजीर्णाच्या अर्थीं व पटकीच्या अर्थींहि सांपडते. पोर्तुगीजांनीं तिचें 'मोर्देशीं' केलें आणि फ्रेंचांनीं त्या शब्दाचा कान पिळून त्यांतून 'कुत्र्याचें मरण' असा भलताच अर्थ काढिला. हा शब्दविनोद अन्यत्र पुष्कळदां छापून गेला असल्यामुळें येथें लांबवीत नाहीं.

महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. हा रोग वर्षाच्या कोणत्या भागांत अधिक, असें संवादांत विचारिलें आहे, आणि ओर्त्याचें उत्तर आहे: जून व जुलई ह्या महिन्यांत, जो ह्या देशांतील हिंवाळा होय. येथें वाचणाऱ्यानें ठेंच खाऊं नये. पोर्तुगीज लेखकांचा पश्चिम किनाऱ्यावरील 'हिंवाळा' म्हणजे आपला पावसाळा. जहाजें बंदरांत अडकून पडण्याचा काळ तो त्यांचा हिंवाळा. ओर्त्यानें महिन्यांचीं नांवें दिलीं म्हणून बरें झालें. ज्यांनीं नुसतें 'हिंवाळ्यांत' असें लिहिलें, त्यांच्या नोंदी भाषांतरकाराच्या एका चुकीनें सहा महिने सरकतात, आणि पावसाळ्यांतील सृष्टि पौषांतली होऊन बसते. पटकीच्या इतिहासांत अशा सरकलेल्या नोंदी असणें अशक्य नाहीं.

पटकीचा जंतु रॉबर्ट कॉख ह्यानें १८८४ सालीं कलकत्त्यास रोग्यांत व तेथील एका तलावाच्या पाण्यांत दाखविला; त्याच्या तीस वर्षें आधीं, १८५४ सालीं, फ्लॉरेन्सच्या पाचिनीनें तो पाहिला होता. बहुत वर्षें अशी समजूत होती कीं, हा जंतु मनुष्याच्या आंतड्यांतला, आणि पाण्यांत तो केवळ विष्ठेबरोबर येतो. १९७० नंतरच्या संशोधनानें, विशेषतः अमेरिकेंतील रीटा कोलवेल ह्या विदुषीच्या परिश्रमानें, ही समजूत पालटली. हा जंतु खाड्यांच्या निमखाऱ्या पाण्यांत स्वतःच्या हक्कानें राहतो, डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या शेवंडवर्गीय जीवांच्या अंगास चिकटून असतो, आणि परिस्थिति प्रतिकूल झाली म्हणजे मेल्यासारखा पडून राहून अनुकूल ऋतूंत पुन्हां जागा होतो. बंगालच्या मुखप्रदेशांत पटकीचे दोन हंगाम आहेत: एक पावसापूर्वींचा, दुसरा पावसानंतरचा. ओर्त्याच्या गोव्यांत ऐन पावसाळ्याचा एकच. जंतु एक, पण नद्यांची रीति निराळी, म्हणून हंगाम निराळा. बांगलादेशांत पाणी जुन्या साडीच्या अनेक घड्यांतून गाळून घेण्याचा प्रयोग झाला, त्यांत पटकी सुमारें निम्म्यानें घटल्याचें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. जंतु साडींतून सहज पार जाईल, पण त्याचें वाहन असलेला तो शेवंडवर्गीय जीव अडतो! पाणी गाळून प्यावें ही आपल्याकडील जुनी चाल ज्यांनीं निरर्थक ठरविली होती, त्यांनीं ह्याचा विचार करावा.

ओर्त्याची मोर्शी म्हणजे सर्वस्वीं आजची पटकीच, असें मात्र प्रस्तुत लेखक म्हणत नाहीं. जंतु पाहिल्यावांचून तें म्हणतां येणार नाहीं, आणि १५६३ चा जंतु पाहणें कोणाच्या हातीं नाहीं. लक्षणें जुळतात, हंगाम सयुक्तिक आहे, इतकेंच.

आतां मलिनतेकडे येऊं. मुंबईच्या समुद्राचें व हवेचें मालिन्य मैल्यापासूनच सुरू झालें असें मानण्याचा प्रघात आहे. तो बरोबर नाहीं. फ्रायर नांवाचा इंग्रज वैद्य १६७३ सालीं मुंबईस आला. त्यानें बेटाच्या रोगट हवेच्या कारणांत नारळीच्या मुळांशीं घालीत असलेल्या कुजक्या मासळीच्या खताचा उल्लेख केला आहे. कुजलेली मासळी, भरतीखालीं येणाऱ्या दलदलीच्या जमिनी, आणि पावसांत वाहून समुद्रास मिळणारें तें सगळें पाणी, हा सतराव्या शतकांतील मालिन्याचा प्रकार होय. तो सूक्ष्म जीवांच्या दृष्टीनें खतच. परंतु त्यांत मनुष्याच्या आंतड्यांतील जंतु अल्प.

विहारचें पाणी आल्यावर चित्र पालटलें. आलेलें पाणी कोठेंतरी जाणें प्राप्तच होतें. पुढील दशकांत भूमिगत मोऱ्यांच्या योजना, त्यांवरील वादविवाद, आणि शतकाच्या अखेरच्या भागांत लव्हग्रोव्ह येथें यंत्रानें उपसून मैलापाणी समुद्रांत टाकण्याची व्यवस्था, हा क्रम मुंबईच्या नगरपालिकेच्या छापील अहवालांवरून सविस्तर लावतां येतो. हे अहवाल ग्रंथसंग्रहालयांत धूळ खात पडले आहेत. राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांस त्यांत रस नाहीं, आणि समुद्रशास्त्रज्ञांस ते असल्याची वार्ता नाहीं. विसाव्या शतकाच्या शेवटीं व चालू शतकाच्या आरंभीं वरळी व वांद्रे येथून तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचे बोगदे समुद्राखालून काढून मैलापाणी किनाऱ्यापासून दूर सोडण्यांत आलें.

मैल्यानें समुद्रांत दोन गोष्टी घडतात, व त्यांची गल्लत करूं नये. पहिली, मनुष्याच्या आंतड्यांतील जंतु पाण्यांत येतात. खारें पाणी व ऊन ह्यांपुढें त्यांपैकीं बहुतेकांचा टिकाव लागत नाहीं. कांहीं तासांत, फार तर कांहीं दिवसांत ते मरतात. म्हणून उन्हाळ्यांतील स्वच्छ पाण्यांत ते थोडे सांपडतात. पावसाळ्यांत आभाळ झांकोळलेलें, पाणी गढूळ, खारटपणा कमी, आणि जमिनीवरची सर्व घाण वाहून आलेली; तेव्हां किनाऱ्याजवळ त्यांची संख्या वाढते. म्हणजे येथेंहि ऋतूचा अंमल आहेच. परंतु हे जंतु समुद्राचे रहिवासी नव्हेत, ते पाहुणे आहेत. ते ज्या पाण्यांत सतत सांपडतात त्या पाण्यावर मैल्याची मोहर आहे असें निश्चित समजावें. दुसरी गोष्ट, मैल्यांतील नत्र व स्फुर ह्यांमुळें समुद्राच्या मूळ रहिवाशांस अवेळीं खत मिळतें. जो माज पूर्वीं आश्विनांत यावयाचा, तो अधिक मोठा, अधिक दिवस टिकणारा, किंवा दुसऱ्याच महिन्यांत उद्भवणारा होऊं शकतो. पहिल्या गोष्टीस प्रयोगशाळेचा पुरावा पुरेसा आहे. दुसरीस तो पुरत नाहीं. कारण 'अधिक' म्हणावयाचें तें कशाहून अधिक, हें ठरविण्यास मागील माप लागतें.

हें माप किती तोकडें आहे तें पहा. मुंबईच्या बंदरांत भरती-ओहोटीचें माप १८७८ पासून यंत्रानें घेतलें जात आहे. कुलाब्याच्या वेधशाळेचे पावसाचे आंकडे त्याहूनहि जुने आहेत. समुद्राच्या पाण्यांतील प्राणवायूची व सूक्ष्म जीवांची नियमित मोजणी मात्र फार अलीकडची. हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय पाहणी १९६२–६५ च्या सुमारास झाली. तिच्यांतून गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालीं निघाली. आणि त्या संस्थेनें गोव्यास कांदोळीसमोर ठराविक जागीं वर्षभर पाणी तपासण्याचा क्रम ठेविला तो १९९७ पासून. ह्या क्रमांतच १९९९ च्या पावसाळ्याअखेर तळाच्या पाण्यांत गंधकाचा विषारी वायु आढळला, आणि २००० सालीं सय्यद वजीह नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'नेचर' नियतकालिकांत असें प्रतिपादिलें कीं, पश्चिम किनाऱ्यालगत सुमारें १,८०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रांत दर वर्षीं होणारी प्राणवायूची टंचाई पूर्वींपेक्षां तीव्र झाली असून, शेतांतून वाहून येणाऱ्या खताचा त्यांत हात असावा. टंचाई स्वतः नैसर्गिक व ऋतुजन्य आहे, हें त्यांनाहि मान्यच होतें, प्रश्न तीव्रतेचा. २०१४ सालीं दुसरा वाद निघाला. अरबी समुद्राच्या उत्तर भागांत हिंवाळ्यांत 'नॉक्टिल्यूका' हा रात्रीं चमकणारा जीव चालू शतकाच्या आरंभापासून अफाट माजूं लागला आहे, व त्याचें कारण प्राणवायूची टंचाई, असें एका पक्षाचें म्हणणें. टंचाईचें पाणी त्या वेळीं इतकें वर येतच नाहीं, असें दुसऱ्या पक्षाचें. दोन्ही पक्षांची मोजमापें पुरीं पन्नास-साठ वर्षांचीं नाहींत. ह्या वादांत आपल्या बाजूनें घालण्यासारखा ऐवज जुन्या कागदांत आहे.

ह्याचें उत्तम उदाहरण जेम्स हॉर्नेल ह्याचें. मद्रास सरकारच्या मासेमारी खात्याचा हा अधिकारी. हिंदी होड्यांच्या घडणीवरील १९२० च्या त्याच्या निबंधामुळें आपल्या वाचकांस तो ठाऊक असेल. त्यानें १९१७ सालीं मलबार किनाऱ्यावरील मासळीच्या मोठ्या मृत्यूचें कारण एक सूक्ष्म जीव असल्याचें लिहिलें, व हा प्रकार नैर्ऋत्य पाऊस ओसरतांना घडतो, असें दाखविलें. रासायनिक खत शेतांत पडूं लागण्यापूर्वींचा हा पुरावा आहे. मासळीचा असा मृत्यु म्हणजे आधुनिक कारखान्यांचा दोष, असें सरसकट म्हणणाऱ्यास हॉर्नेल आडवा येतो. आणि सर्व कांहीं पूर्वापार आहे असें म्हणून हात झटकणाऱ्यास मुंबईच्या पाण्यांतील आंत्रजंतु आडवे येतात. आमच्या मतें दोघांचेंहि निम्में चुकलें आहे.

मराठी कागदांत असे उल्लेख पाहणाऱ्यास एक सोय आहे, ती युरोपीय कागदांत नाहीं. इंग्रजी तारखेवरून त्या दिवसाची भरती काढण्यास गणित करावें लागतें. तिथीवरून ती तोंडी निघते. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीचा तास येतो, हा कोंकणांतील सर्वतोमुखीं हिशेब: अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमेस व अमावास्येस दुपारीं व मध्यरात्रीं बाराच्या आसपास. शिवाय पौर्णिमा-अमावास्येचें उधाण व अष्टमीची भांगाची भरती ह्यांत पाण्याची ये-जा निराळी. भांगाच्या वेळीं खाडींतील घाण हलत नाहीं. पत्रांत मुसलमानी 'छ' दिला असेल तरी बिघडत नाहीं, कारण तोहि चंद्रदर्शनापासून मोजलेला. महिन्याविषयीं मात्र सावध असावें. अधिक मासामुळें चांद्र महिना ऋतूच्या मानानें मागेंपुढें सरकतो, व हिजरी महिना तर सर्व ऋतूंतून फिरतो. म्हणून वर्ष ठरविल्यावांचून ऋतु ठरवूं नये. शुहूर सनाचा आरंभ मृगापासून, म्हणजे आगोटीपासून होतो, हें ध्यानांत ठेविल्यास मृगाच्या आगचें व मागचें अशी निवड तरी झटकन होते.

किनाऱ्यावरील घराण्यांच्या दप्तरांत, किल्ल्यांच्या व आरमाराच्या हिशेबांत, कच्छी माल्मांच्या पोथ्यांत आणि मुंबई बंदरांतून निघालेल्या जहाजांच्या रोजनाम्यांत ज्यांचा हात फिरत असेल, त्यांनीं पुढील प्रकारच्या ओळी नजरेस पडल्यास त्या जशाच्या तशा उतरून घ्याव्या: पाण्याचा रंग बदलल्याची, रात्रीं पाणी पेटल्यासारखें दिसल्याची, मासळी मेल्याची किंवा तीराशीं आपण होऊन आल्याची, दुर्गंधीची, एखाद्या हंगामांत कालवें न खाण्याच्या ताकिदीची, आणि बंदरांत मोडशी लागल्याची. मिति, स्थल व लिहिणाराचें नांव गाळूं नये. मजकुरांत अलंकार असेल तर तोहि ठेवावा. 'रक्ताचा समुद्र' असें लिहिणारानें रंग पाहिला कीं लढाई, हें पुढच्या ओळीवरून कळतें.